‘जपा’ या शब्दाचा त्रास

माझ्या हातून आजवर एकही हृदय बरं झालेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या जिल्ह्यात अर्ध्या लोकांना मी हृदयाची डॉक्टर वाटते आणि उरलेल्या अर्ध्यांना मालीश करणारी बाई. मी फिजिओथेरपिस्ट. कुणाच्या हृदयाला जन्मतः भोक असतं, कुणाची झडप अरुंद असते, कुणाच्या रक्तवाहिन्या भलत्याच ठिकाणी जोडलेल्या असतात. ही मुलं मुंबईला नाहीतर गोव्याला जाऊन ऑपरेशन करून येतात. त्यानंतर त्यांना चालायला, पळायला, जिना चढायला, थोडक्यात पोरांसारखं वागायला शिकवायचं, हे माझं काम होतं. कणकवलीतल्या एका धर्मादाय हॉस्पिटलाच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली आणि खोलीबाहेर फणसाखालचं अंगण, एवढाच माझा कारखाना. गावोगावचे लोक मला ‘कवायतीची बाई’ म्हणत. सुरुवातीला मला राग यायचा. पुढे मीच फोनवर ‘कवायतीची बाई बोलतेय’ म्हणायला लागले, कारण त्याने ओळख लगेच पटायची.

‘पोरांना काय पळायला शिकवायचं?’ असं माझ्या सख्ख्या नणंदेने मला विचारलं होतं. शिकवावं लागतं. सर्जन हृदय दुरुस्त करतो, पण ते हृदय ज्या मुलात असतं ते मूल तोवर कधी पळालेलंच नसतं. पाय काटक्यांसारखे, छातीवरचा व्रण लपवायच्या सवयीने खांदे पुढे झुकलेले आणि श्वास वरवरचा. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्याच्याभोवती उभं असलेलं घर. ऑपरेशनात कापलेलं छातीचं हाड सांधायला सहा-आठ आठवडे लागतात. तेवढ्या काळात मुलाला बगलेत धरून उचलायचं नाही, ओझं द्यायचं नाही, सायकल द्यायची नाही. त्यानंतर बहुतेक मुलांना खेळू द्यायचं असतं, नव्हे, खेळवायचंच असतं. सगळ्यांना सगळं चालत नाही हेही खरं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कबड्डी नको, काही दोषांत जोर लावायचे व्यायाम नकोत. म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून ‘हो’ म्हटल्याशिवाय मी एकाही पोराला अंगणात उतरवलं नाही. पण डॉक्टरांचा ‘हो’ मिळवणं सोपं असायचं. घरच्यांचा मिळवताना माझे केस पांढरे झाले.

याचं खापर मी एका शब्दावर फोडते. हॉस्पिटलातून घरी पाठवताना प्रत्येक डॉक्टर म्हणतो, ‘जपा हं.’ आपण नाही का, पाहुणा निघाला की ‘जपून जा’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. पण पाहुणा स्टँडवर पोहोचला की ते जपणं संपतं. या मुलांचं जपणं कधी संपतं ते कुणी सांगत नाही. मालवणकडच्या एका मच्छीमाराच्या घरातली आठ वर्षांची मुलगी माझ्याकडे आली, तिने समुद्राला पाय लावला नव्हता. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर! सावंतवाडीच्या एका सद्गृहस्थांनी मुलासाठी घरात चालायचं मशीन आणलं आणि तो त्यावर चढला की स्वतः दोन्ही बाजूंनी हात पसरून उभे राहिले. मशीनवर मूल चालायचं आणि घाम बापाला फुटायचा.

सगळ्याच गोष्टी हसण्यासारख्या नव्हत्या. रेडीहून एक सोळा वर्षांची मुलगी यायची. तिचं ऑपरेशन लहानपणी व्हायला हवं होतं, ते राहून गेलं आणि आता फुप्फुसांवर एवढा दाब चढला होता की कुठलाच सर्जन हात लावायला तयार नव्हता. तिची आई मला बाजूला घेऊन विचारायची, ‘बाई, लग्नाच्या वक्ताक ह्या सांगूचा काय लपवूचा?’ मी त्या मुलीला बसून करायचे हलके व्यायाम आणि दम राखून काम करायची रीत शिकवली. स्वतःची वेणी स्वतः घालताना तिला धाप लागायची, ती लागेनाशी झाली. माझ्याकडून तिला एवढंच मिळालं. तिची आठवण आली की मला अजून गप्प बसवत नाही, मी उठून काहीतरी काम काढते.

पण आज सांगायचंय ते तन्वीचं.

तन्वी पहिल्यांदा माझ्या दारात आली तेव्हा आजोबांच्या कडेवर होती. दहा वर्षांची पोर! लांब पाय आजोबांच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते आणि तिने शरमेने मान त्यांच्या खांद्यात घातली होती. नांदगावजवळच्या एका वाडीतलं हे कुटुंब. भातशेती, थोडे काजू, मुलगा मुंबईत कंपनीत. आजोबा उंच, काटक, सत्तरीच्या पुढचे. ही जन्मली ती ओठ-नखं निळी घेऊन. तिसऱ्या वर्षी मुंबईत ऑपरेशन झालं आणि ते उत्तम झालं. तरी त्यानंतर सात वर्षं आजोबा तिला शाळेत नेत-आणत होते, चढ आला की कडेवर घेत होते आणि खेळाच्या तासाला शाळेच्या पायरीवर पहारा देत होते.

आमच्याकडे महिन्यातून एकदा येणाऱ्या हृदयाच्या डॉक्टरांनी तिला तपासलं. म्हणाले, ‘एका झडपेतून थोडं रक्त मागे झिरपतं, ते दरवर्षी बघत राहू. बाकी ठीक. खेळू दे तिला. आजोबा, दर आठवड्याला बाईंकडे आणत जा.’

मी तन्वीला विचारलं, ‘तुला काय करायला आवडेल?’

ती आजोबांकडे बघत राहिली. ते औषधाच्या खिडकीकडे गेले तेव्हा जमिनीकडे बघत म्हणाली, ‘फुगडी.’

आमच्याकडे गणपतीत पुरुष भजनात रमतात आणि बायका फुगडीत. गौरीच्या दिवशी तर वाडीतल्या झाडून सगळ्या पोरीबाळी, सुना, माहेरवाशिणी अंगणात गोल धरतात. तन्वी दरवर्षी त्या गोलाबाहेर खुर्चीवर बसायची. मांडीवर कुणाकुणाचे मोबाईल आणि काढून ठेवलेल्या बांगड्या. ‘सगळी माझ्याकडे सामान ठेवतत,’ ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात, आणि तेच मला लागलं. गणपतीला अजून चारेक महिने होते. मी मनात म्हटलं, पोरी, यंदा तुझ्या बांगड्या दुसरं कुणीतरी सांभाळेल.

आता आमच्या धंद्यातली एक गंमत सांगते. मुलावर व्यायामाचा ताण किती द्यायचा हे ठरवायला बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचं यंत्र असतं, नाडी असते, पण सगळ्यात सोपं माप म्हणजे बोलणं. चालता चालता मूल नीट बोलू शकतं, तर ताण बरोबर. वाक्य मध्येच तुटलं की थांबायचं. तन्वीच्या बाबतीत हे माप पार झोपलं, कारण ती बोलतच नव्हती. माझा पांढरा कोट आणि माझी शुद्ध मराठी यांच्यापुढे तिच्याकडे एकच शब्द उरला होता. दम लागला? हो. नाही लागला? हो. बरं वाटतंय? हो. सरकारी कचेरीत गेल्यावर आमची माणसं असंच करतात. साहेब काही विचारो, हो म्हणावं आणि सुटावं.

तिसऱ्या-चौथ्या खेपेची गोष्ट. मी विचारलं, ‘खाऊन आलीस ना?’ ती म्हणाली, ‘हो.’ अंगणात फणसाभोवती फेऱ्या चालू होत्या. एकाएकी ती पांढरीफटक पडली आणि मटकन खाली बसली. मी धावले, तिला आडवी केली, पाय वर धरले. बोटाचं यंत्र ठीक आकडा दाखवत होतं, नाडीही नियमित होती, ओठ निळे नव्हते. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी येऊन हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी काढला, तोही स्वच्छ. साखर-पाणी पाजल्यावर पाच मिनिटांत पोर उठून बसली. चौकशी केली तर कळलं, ती सकाळपासून उपाशी होती. आजोबांनीच ठेवली होती. आजवर हॉस्पिटलात जायचं म्हणजे रक्त तपासायचं आणि रक्त तपासायचं म्हणजे उपाशीपोटी यायचं, हा त्यांचा सात वर्षांचा पाठ. पहिल्या खेपांना उशिरा आली होती म्हणून पेज पोटात होती. त्या दिवशी लवकरची गाडी मिळाली होती.

मी आजोबांना समजावू लागले, पण ते ऐकायच्या पलीकडे गेले होते. त्यांनी तिला उचललं आणि म्हणाले, ‘बाई, तुमचा शिक्षण मोठा आसा. पण माका माझा चेडू जिता व्हया.’

पोर जिवंत हवी, एवढं बोलून ते गेले. पुढच्या आठवड्यात आले नाहीत, त्याच्या पुढच्यातही नाहीत. फोन केला तर तिची आई दबक्या आवाजात म्हणाली, ‘मामंजी नाय म्हणतत.’

पोरं मध्येच सोडून जाणं मला नवीन नव्हतं. पण ही फुगडी काही माझ्या डोक्यातून जाईना. एका रविवारी स्कूटर काढून मी त्यांच्या वाडीत गेले. कोट घरी ठेवला आणि शुद्ध मराठीही. मी सावंतवाडीची, मालवणी माझ्या आईची भाषा, पण नोकरीत ती कपाटात ठेवून दिली होती.

आजोबा खळ्यात बसून कोयतीला धार लावत होते. ‘बसा’ म्हणाले, आत चहा सांगितला. पाहुणचारात कमी नाही, पण बोलणं नाही. मी म्हटलं, ‘आजोबा, चेडू उपाशी होता म्हणान चक्कर इली. तेच्या हृदयाक कायएक झाला नाय. मोठ्या डॉक्टरांनी पण सांगल्यानी, खेळूक दिया.’

‘ते डॉक्टर वेगळे,’ ते म्हणाले. ‘ज्या डॉक्टरान हिका जिवंत केल्यान, तेच्या मी पाया पडूक गेलंय. तेणी माका पाया पडूक दिल्यान नाय. माझो हात धरल्यान आणि म्हटल्यान, आजोबा, आता हिला जपा. मी तेका शब्द दिलंय. आता तुमी सांगा, दिलेलो शब्द कसो मोडू?’

तो सर्जन कधीच परदेशी गेला होता. आणि सापडला असता तरी त्याला हे आठवत असतं का? दिवसातून चारदा म्हणत असेल तो ते वाक्य. एका माणसाने सहज म्हटलं आणि दुसऱ्याने त्यावर आयुष्याची सात वर्षं वाहिली. मला त्या म्हाताऱ्याचा राग येत होता आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटत होतं.

तन्वी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. माझ्यासमोर कधी एका शब्दापलीकडे न गेलेली ती पोर एकदम बोलली. ‘आजोबा, तुमचो गुडघो दुखता. रात्री तेल लावतास, माका म्हायती आसा. माका उचलूक तुमका आता जमणा नाय. मगे फुडे माका कोण जपतला?’

आजोबांचा कोयतीवरचा हात थांबला.

‘तुमी शब्द दिलास ना? मगे माका शिकवा. माझी मी जपतंय.’

आतून तिची आई चहा घेऊन आली, ती कप हातात धरून तशीच उभी राहिली. आजोबांनी कोयती खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘येताना पेज जेवन येवची ना?’

‘पोटभर,’ मी म्हटलं. ‘आणि तुमी पण वांगडा येवचा. नुसता बघूक न्हय, कामाक.’

त्यांनी सोबत यायचं ठरलं, पण कामाला म्हणजे कशाला, हे तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं. ते सुचलं पुढच्या खेपेला. आजोबा त्यांच्या वाडीत गाऱ्हाणं घालणारे. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे कुठलंही शुभकार्य असो, एक जाणता माणूस देवापुढे नारळ ठेवून मोठ्याने मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्यावर जमलेली सगळी माणसं म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ हे म्हणायला कुणी शिकवत नाही. लाजरंबुजरं पोरही त्या वेळी छाती भरून ओरडतं. मी आजोबांना म्हटलं, तुमी तिच्या वांगडा चला आणि गाऱ्हाणा घाला.

‘हंय? हॉस्पिटलात?’

‘देव काय फक्त देवळात आसता?’

त्यांनी फणसाला हात जोडले आणि सुरू केलं, ‘बा देवा म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ तन्वी चालता चालता खणखणीत म्हणाली.

‘ह्या लेकराच्या पायात बळ दी रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘ह्या कवायतीच्या बाईचो राग वायंच कमी कर रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ हे तर माझ्या मदतनीस बाईसुद्धा ओरडल्या.

मला हवं असलेलं माप मिळालं. जवाब पूर्ण आला तर चाल वाढवायची. ‘व्हय... म्हा...’ असा तुटला की सावकाश. आणि ते तुटणं माझ्याआधी आजोबांना ऐकू यायचं. पहिल्यांदा तुटलं तेव्हा ते घाबरून तिला उचलायला वाकले. मी त्यांचा हात धरला. ‘थांबा. ती काय करता ती बघा.’ तन्वी उभी राहिली, खांदे सैल सोडले, मी शिकवल्याप्रमाणे ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडला. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, ‘म्हणा फुडे.’ धाप लागणं म्हणजे धोका नव्हे, धाप उतरते, हे त्या दिवशी आजोबांना कळलं. छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, धडधड न थांबणं ही थांबायची खरी कारणं. ती मी दोघांकडून पाठ करून घेतली.

फणसाच्या फेऱ्यांवरून आम्ही गेटापर्यंत, गेटापासून चढापर्यंत गेलो. पायांत जोर यावा म्हणून उठाबशा, तोल यावा म्हणून एका पायावर उभं राहणं. शेवटी मी तिचे हात धरून फुगडीचा फेर धरला, तेव्हा पन्नाशीतल्या मलाच धाप लागली आणि ती पोर पोट धरून हसली. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि सांगितलं, गोलातली फुगडी घालू दे, दमली की बसू दे.

गौरीच्या दिवशी मला जेवायचं आमंत्रण होतं. दुपारची जेवणं उरकली आणि बायका अंगणात उतरल्या. सगळे मोबाईल, बांगड्या तन्वीच्या आईने ओच्यात घेतल्या. तन्वी नव्या परकर-पोलक्यात चुलत बहिणींचे हात धरून गोलात उभी राहिली. गाणं सुरू झालं, गोल हलला. आजोबा माझ्याशेजारी पडवीत बसले होते, पण बसले होते म्हणायचं एवढंच. गोल जिकडे फिरेल तिकडे त्यांची मान फिरत होती आणि दोन्ही हात गुडघ्यांवर, उठायच्या तयारीत. खरं सांगायचं तर माझीही तीच गत होती. एवढी वर्षं दुसऱ्यांना ‘सोडा, सोडा’ म्हणून ओरडले, पण त्या वेळी मीही पडवीच्या कडेला सरकून बसले होते.

गाणं चढलं, चाल वाढली. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर तन्वीने दोन्ही हात सोडले आणि ती गोलाबाहेर आली.

आजोबा ताडकन उभे राहिले. तिच्या आईनेही पाऊल उचललं. तन्वीने कुणाकडेच पाहिलं नाही. ती तुळशीच्या कट्ट्यावर बसली, खांदे सोडले, ओठांचा चंबू केला. गाल लाल, ओठ लाल. गोल तिला वगळून फिरत राहिला, तिच्या जागी दोन पोरींनी एकमेकींचे हात धरले. एक म्हातारी ओरडली, ‘काय गो, दमलंस?’

‘व्हय, दमलंय!’ ती ओरडली. ‘थांबा, येतंय!’

आजोबा तसेच उभे. मला हळू आवाजात म्हणाले, ‘बाई, तिका थांब म्हणान कोणी सांगल्यान?’

‘कोणी नाय.’

‘तुमी खूण केलास?’

‘नाय, आजोबा.’

तन्वी उठली, त्या दोन पोरींचे हात सोडवून मध्ये घुसली आणि गोल पुन्हा तिला घेऊन निघाला. आजोबा थोडा वेळ उभेच होते. मग त्यांनी खुर्ची उचलली, भिंतीकडून फिरवून माझ्यासमोर ठेवली आणि अंगणाकडे पाठ करून बसले. मागे गाण्याचा आणि पायांचा नुसता धुरळा उडाला होता. तन्वीचा आवाज त्यात वेगळा ऐकू येत होता, आणि एकदा तो येईनासाही झाला. त्यांनी मान वळवली नाही.

‘मगे बाई,’ ते म्हणाले, ‘तुमच्याकडे यंदा भात कसो आसा?’